शेवट आधी पाहिलेला सिनेमा

बाबा गेले आणि आमच्या घरात मासे बंद झाले. बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं. आमच्यात तशी सक्ती नाही, उलट दिवसकार्य उरकल्यावर माझे थोरले काका, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, स्वतःच आईला म्हणाले होते, "सुमन, आता तोंडाक चव येयत असा कायतरी रांध गो." आईने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी वरणभात नि बटाट्याच्या काचऱ्या केल्या. त्यानंतरही वरणभात नि काचऱ्याच. बाजारातून काय आणू, असं मी विचारलं की ती म्हणे, "आण काहीही." लग्न होऊन डोंबिवलीला आल्यापासून दर रविवारची अर्धी सकाळ मासेवालीशी हुज्जत घालण्यात आनंदाने घालवणारी बाई, तिला आता दुधी आणि भेंडी यांतलं एक निवडता येत नव्हतं.

लिहिताना एक पथ्य पाळतो आहे. आठवण जुनी होत जाते तसतसा माणूस तिच्यात आपल्या सोयीची भर घालतो. माझं आयुष्यभराचं काम विमा कंपनीतल्या आकडेमोडीचं, माणसं सरासरी किती जगतात याचे तक्ते करण्याचं; तिथे अंदाज आणि माहिती वेगळ्या रकान्यांत लिहावी लागतात. तीच सवय इथे ठेवतो. पक्कं आठवतं ते सरळ सांगेन, खात्री नाही तिथे तसं म्हणेन.

आवाज पक्के आठवतात, किंवा त्यांचं नसणं. बाबांची शिंक अशी होती की खालच्या मजल्यावरचे गद्रेकाका, कुणाशीही काहीही बोलत असले तरी, मान वर करून "सत्य!" म्हणून ओरडत. जिन्यावरून बाबा चढताना चपला घासत येत, त्यामुळे ते दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत आई चहाचं आधण ठेवी. टॉवेल विसरून आंघोळीला जाणं आणि मग आतून हाका मारणं हे रोजचं. आता टॉवेल दांडीवर घडीच्या घडीत असायचा. आई हलक्या पावलांची होती, मीही. संध्याकाळी आम्ही दोघं दोन खोल्यांत असलो की शेजारच्या घरातल्या मुलाने पाढे म्हटलेले आमच्याकडे स्पष्ट ऐकू येत. तो एकोणतिसाच्या पाढ्यात नेहमी त्याच जागी चुकायचा. आधी बाबा इथून भिंतीवर थाप मारून त्याला बरोबर उत्तर सांगत. आता तो चुकून पुढे जायचा.

बाबा ठाण्याला नौपाड्यात एका सरकारी कार्यालयात होते. नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला तिथे घेत असत. अण्णा कल्याणहून खास ठाण्याला जाऊन चौकशी करून आले होते. महिनाअखेरीच्या आत घरातून एक नाव कळवायचं होतं. ते नाव माझं असणार हे अण्णांनी, मामांनी, बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. "पोरगो हुशार आसा. नोकरी सांभाळून शिकतलो," असं अण्णा म्हणाले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी आमच्यासाठी जे केलं ते मी कधी विसरलो नाही. आजारपणात रोज रात्री हॉस्पिटलमध्ये बाकावर झोपणारे तेच होते. मी हो म्हटलं होतं. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आयुष्यात पहिल्यांदा एक विषय असा सापडला होता की पुस्तक उघडलं की भूक लागल्याचं कळत नसे. आमच्या सरांनी पुढे एमएस्सी कर असं सांगितलं होतं. नोकरी करून शिकणारी मुलं मी वर्गात पाहिली होती. ती येत, मागच्या बाकावर झोपत आणि हळूहळू यायची बंद होत. हे सगळं आईशी बोलावं असं वाटे, पण तिला काही विचारलं की उत्तर एकच: "तुम्ही म्हणाल तसं." मग मीही बोलणं सोडून दिलं.

अशा दिवसांत गद्रेकाका वर आले. गद्रेकाका आमच्या गावातल्या फिल्म सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटी म्हणजे फार काही नव्हे. एका शाळेचा हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर, भिंतीवर ताणलेला पांढरा पडदा आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी जमणारे चष्मेवाले लोक. बाबा तिचे पहिल्यापासूनचे सभासद. त्यांचं काम ठरलेलं होतं. सिनेमाची रिळं पत्र्याच्या डब्यांतून मुंबईहून येत. आधी ज्या कुठल्या गावाने ती पाहिली असतील त्यांनी ती कशीही भरून पाठवलेली असत, आणि झाकणावरच्या आकड्याचा आतल्या रिळाशी संबंध असेलच असं नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी बाबा प्रत्येक डबा उघडून, रिळाचं सुरुवातीचं टोक दिव्यासमोर धरून, भिंगातून आकडा वाचून मगच डबे ओळीने लावत. गद्रेकाका त्यांना चेष्टेने 'सेन्सॉर' म्हणत.

"वहिनी," गद्रेकाका दारातच उभे राहून म्हणाले, "तो आलाय."

"कोण?" आईने विचारलं.

"सामंतांचा गुंड."

सामंत म्हणजे बाबा; एवढ्यावरच आम्हाला कळलं. बाबांनी लग्नाआधी, मुंबईत एका मित्राच्या खोलीवर राहत असताना, एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला होता. काळापांढरा, एका बंदरातल्या हमालाचा पुढे टोळीचा म्होरक्या होतो त्याची गोष्ट. त्याचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. नाव दिलं की वाचणाऱ्याला त्याने पाहिलेला सिनेमा आठवेल, आणि मला आम्ही पाहिलेलाच सांगायचा आहे. बाबा त्याची गोष्ट जेवताना निम्मी सांगत आणि थांबत. आई चिडे. "शेवट सांगायचा नाही तर सुरू कशाला करता?" "तुला दाखवणार आहे," बाबा म्हणत. "गद्रे मागवतोय." गद्रेकाका खरंच बरीच वर्षं मागवत होते. कधी प्रत दुसरीकडे गेलेली असे, कधी खराब झालेली. आली ती अशी, बाबा गेल्यावर.

"मी काय करू येऊन?" आई म्हणाली. "मला इंग्रजी कुठे कळतं?"

"गुंडगिरीला कशाला इंग्रजी लागतं, वहिनी? रविवारी सकाळी नऊला. दोन खुर्च्या धरून ठेवतो." आणि ते उत्तराची वाट न पाहता खाली गेले. ही गद्रेकाकांची पद्धत होती. नकार मिळण्याआधी जिना उतरायचा.

आई का आली हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा न जाण्याचा निर्णयही तिला घ्यायचा नव्हता. मी "चल" म्हटलं, तिने साडी बदलली. बाबा गेल्यापासून डॉक्टर आणि बँक सोडली तर ती कुठे गेली नव्हती. हॉलमध्ये शिरताना लोक बाजूला झाले, दोघी-तिघींनी तिचा हात धरला, कुणीतरी उगीचच पंख्याखालची जागा दिली. आई खाली बघून बसली. मागे कॅन्टीनवाला बटाटेवडे तळत होता, त्याचा वास हॉलभर होता, आणि दाराशी मांडववाला खुर्च्यांच्या थप्प्या आणून लावत होता, कारण बारानंतर तिथे वधूवर मेळावा होता.

पहिलं रीळ सुरू झालं. एक तरणाबांड पोरगा गोदीवर पोती उचलतो, मुकादम त्याच्या मजुरीतला वाटा खातो, आणि एक दिवस पोरगा मुकादमाला सगळ्यांदेखत कानफटात देतो. आजूबाजूचे हमाल हसतात, तो त्यांच्याकडे बघतो, आणि त्या बघण्यात एवढं स्पष्ट दिसतं की याला आता हे आवडलं आहे. मी त्याआधी हिंदी सिनेमातले खलनायक पाहिले होते. ते पडद्यावर येतानाच खलनायक असत. माणूस आपल्या डोळ्यांसमोर एकेका पायरीने वाईट होतो हे मी पहिल्यांदा पाहत होतो. इंग्रजी निम्मंच कळत होतं, पण मी खुर्चीच्या टोकाला आलो होतो.

रीळ संपलं, दिवे लागले, गद्रेकाकांनी दुसरं चढवलं. आणि एकदम तो माणूस म्हातारा. केस पिकलेले, भुवईवर लांब व्रण, डावा पाय ओढत चालतोय, अंगात उंची कोट. त्याच्याभोवती आम्हाला अजिबात माहीत नसलेली माणसं. एक बाई त्याच्याशी बोलत नाही. का, ते कळत नाही. त्याचा ड्रायव्हर घाम पुसतोय. पहाटे तो बंदरावर येतो, जहाजाच्या शिडीवर चढायला लागतो, आणि मागून गोळ्या. तो शिडीवरून खाली घसरत येतो, टोपी आधी पाण्यात पडते. ड्रायव्हर गाडी सुरू करून निघून जातो. पडद्यावर इंग्रजीत 'समाप्त'.

दिवे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी उठलंही नाही. हातातल्या माहितीपत्रकात सिनेमा पावणेदोन तासांचा लिहिला होता आणि तासही झाला नव्हता. मग पहिल्या रांगेतून कारखानीस सर उठले. सर कॉलेजात मराठी शिकवत आणि सोसायटीत चर्चेची सुरुवात त्यांनी करायची असा रिवाज होता.

"दिग्दर्शकाने मधली सगळी वर्षं गाळली आहेत," सर म्हणाले. "आरंभ आणि अंत, बस्स. मधलं आयुष्य प्रेक्षकाने भरायचं. त्या काळात इतका धाडसी प्रयोग..."

"फारच धाडसी," मागून कुणीतरी म्हणालं. "पण ती बाई कोण?"

"ती प्रतीकात्मक आहे."

"अहो सर, ती त्याची बायको असावी. चिडली होती."

सर आणखी बराच वेळ बोलले असते, पण प्रोजेक्टरजवळून गद्रेकाका पुढे आले. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक डबा होता, आणि चेहरा पडला होता.

"मंडळी, प्रयोग दिग्दर्शकाचा नाही, माझा आहे," ते म्हणाले. "चौथं रीळ दुसऱ्या डब्यात होतं. मी झाकणावरचा आकडा बघून चढवलं. डबे उघडून तपासायचं काम..." ते थांबले. "ते काम सामंत करायचे. या खेपेला ते करायला हवं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही."

मागे वड्यांचं तेल तडतडत होतं. मी आईकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही, हे जास्त खरं.

मग अर्थातच डोंबिवली जागी झाली. मधली दोन रिळं दाखवायची की नाहीत यावर लोक बोलायला लागले. एकाचं म्हणणं, माणूस मेलेला पाहिल्यावर आता काय बघायचं, रसभंग झाला तो झाला. दुसऱ्याचं, पुढच्या महिन्यात पहिल्यापासून नीट दाखवा. गद्रेकाका म्हणाले, प्रत उद्याच परत जायची आहे. तिसऱ्याने ठराव मांडावा अशी सूचना केली. "कसला ठराव?" "मधली रिळं पाहावीत की पाहू नयेत." "अनुमोदन कुणाचं?" "आधी ठराव तर मांडा!" मांडववाला दारातून विचारत होता, "साहेब, खाली करताय ना हॉल? वधू यायला लागल्या."

"गद्रेभावोजी," आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण तो आवाज त्या हॉलमध्ये कुणाला अपेक्षित नव्हता, म्हणून सगळे गप्प झाले. आई उभी राहिली नव्हती. बसल्या जागेवरूनच बोलत होती.

"लावा की पुढचं. शेवट कळला ना आता? मग घाई कसली? आता त्याला नीट बघू या."

ठराव राहिला. गद्रेकाकांनी दिवे घालवले.

पुढची दोन रिळं मी कशी पाहिली ते सांगायला मला अजून नीट शब्द सापडत नाहीत. मेलेला माणूस परत आला होता. तरुण, व्रणाशिवाय, दोन्ही पायांनी धड चालणारा. तो चांगला माणूस नव्हता. त्या दोन रिळांत तो जिवलग मित्राला मारायला माणसं पाठवतो, आणि ती गेल्यावर शांतपणे दाढी करतो. पण त्याच दोन रिळांत तो त्याच्या आईकडे जेवायला जातो. दारात बूट काढायला विसरतो, आई ओरडते, शहर ज्याला टरकून असतं तो माणूस वाकून बुटांची नाडी सोडतो. भांड्यातल्या गरम सारात पावाचा केवढा तरी तुकडा बुडवतो, आई त्याच्या हातावर चापट मारते. बायको त्याला नाचायला शिकवते आणि तो तिच्या पायावर पाय देतो. पहिल्यापासून सरळ पाहिलं असतं तर अशा ठिकाणी प्रेक्षक पुढच्या गोळीबाराची वाट बघतो. आम्हाला कशाचीच वाट बघायची नव्हती. तो शिडीवर मरणार हे आम्ही बघून बसलो होतो. म्हणून तो सार फुंकून पितो तेव्हा अख्खा हॉल ते सार बघत होता.

चापट बसली तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी हसलं. ती आई होती. मग ती रडलीही, पण आधी हसली. हा क्रम मला पक्का आठवतो.

तो सिनेमा मी नंतर योग्य क्रमाने पाहिला. आता आम्ही बाळकुमला राहतो, घरात भिंतभर टीव्ही आहे, आणि माझ्या लेकीने एका संध्याकाळी तो कुठूनसा शोधून काढला. आठवण तपासून घ्यावी म्हणून मी मुद्दाम बसलो. साराचा प्रसंग मला वाटत होता त्याच्या पावपट आहे, येतो आणि जातो. शेवटी तो मेला, तेव्हा लेक म्हणाली, "शेवटी मरतातच हे लोक, बाबा. आधीच कळतं." कसदार सिनेमा आहे, पण आमचा जास्त चांगला होता. ज्या कुणी आधीच्या गावात ते रीळ चुकीच्या डब्यात भरलं, त्या माणसाचे आभार मानायला मला आवडलं असतं.

हॉलमधून निघालो तेव्हा ऊन झालं होतं. मी सवयीने घराच्या रस्त्याला वळलो आणि आई वळली नाही. ती सरळ मासळीबाजाराकडे चालायला लागली. मी मागे. आमची नेहमीची मासेवाली, आगरी बाई, दुरूनच ओरडली.

"आयव बाय! किती दिसानी आलीस गो! आनि साहेब? पिशवी धराला नाय आलं?"

"गेले ते," आई म्हणाली. "श्रावणात."

मासेवालीचा हात सुरीवर तसाच राहिला. मग तिने टोपलीतले मोठे बांगडे उचलले, वर आणखी एक ठेवला, आणि सगळे आईकडे सरकवले. "ने बाय. आज काय बोलू नको."

"हे असं नको," आई म्हणाली. तिने वरचा बांगडा उचलून परत टोपलीत टाकला आणि दुसऱ्याचा कल्ला बोटाने उघडून पाहिला. "हा कालचा आहे."

"कालचा? बाय, सकालचा हाय! डोला बघ त्याचा!"

"डोळा मला दाखवू नकोस. भाव बोल."

मासेवालीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि भाव बोलली. चांगला चढा बोलली. आई चवताळली. पुढची हुज्जत मी पिशवी धरून ऐकत उभा राहिलो. शेजारची गिऱ्हाइकं खोळंबली, एकीने "आवरा आता" म्हटलं, तिला दोघींनी मिळून गप्प केलं. शेवटी मासेवाली म्हणाली, "ने, लुटून ने मना. पुरल्या रविवारी ये पन."

"ताजे असले तर येईन," आई म्हणाली.

त्या दुपारी बांगड्याचं तिखलं झालं. माशात घालायची तिरफळं डब्यात तळाशी शिल्लक होती. त्यांचा वास जिन्यापर्यंत गेला. जेवणाच्या वेळेला अण्णा आले. ते येणार हे ठरलेलंच होतं, नाव कळवायची मुदत आली होती. दारातच थांबून त्यांनी वास घेतला, आईकडे बघितलं, आणि हात धुऊन पानावर बसले. निम्मं जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"उद्या मी जातंय ठाण्याक. ह्याचा नाव देऊन येतंय."

"याचं नको," आई म्हणाली. "माझं द्या."

अण्णांचा घास हातात राहिला. "तुझा? तू जातलंस? नौपाड्यात?"

"हे जात होते तिथेच."

"तुका काय येता थयसर?"

"मॅट्रिकला होते त्यापेक्षा थोडं कमी येत असेल. शिकेन."

"अगो, सगळे पुरुष बसतत थंय."

"ह्यांच्याबरोबर बसलेलेच ना? ह्यांना त्यांनी इतकी वर्षं काही केलं नाही, मला खातील होय?" आईने त्यांच्या पानात रस्सा वाढला. "अण्णा, तुमचा मान ठेवून सांगते. याला आज त्या खुर्चीत बसवलं तर हा उठायचा नाही. मी त्याच्या बापाला ओळखत होते. हाही तसाच आहे. बसवाल तिथे बसेल, आणि कुणाला सांगणार नाही."

मी ताटात बघत होतो. आईने हे कधी पाहिलं होतं, मला कळेना. मला वाटत होतं ती महिनोन् महिने काहीच बघत नव्हती.

"आणि लोक काय म्हणतले?" अण्णांनी विचारलं, पण आता आवाज खाली आला होता.

"म्हणू देत. काय म्हणायचं ते एकदाच म्हणतील. तुम्ही सांगा, तुम्ही काय म्हणता?"

अण्णा बराच वेळ काटे काढत राहिले. खात्रीने सांगतो, त्या बांगड्यात एवढे काटे नव्हते. मग त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "आणि एक तुकडी घाल," ते म्हणाले. "उद्या पहिल्या गाडीन जाऊया. साहेब कडक आसा. तू सांभाळून बोल. नाय तर राहू दे, मीच बोलतंय."

काम व्हायला वेळ लागला, कागद इकडून तिकडे गेले, आणि त्या काळात अण्णांनी ठाण्याच्या किती खेपा घातल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला मात्र परीक्षा जवळ आली होती, आणि मी अभ्यास करत होतो. ही साधी गोष्ट आहे, पण आज माझ्याजवळ जे आहे ते सगळं तिच्यातून आलं, म्हणून लिहून ठेवतो.

आईचा नोकरीचा पहिला दिवस. सकाळी तिने दोन डबे भरले, एक तिचा आणि एक माझा, आणि माझा माझ्या हातात द्यायच्या ऐवजी चुकून स्वतःच्या पिशवीत टाकून गेली. संध्याकाळी मी चहा करून वाट पाहत होतो. ती आली, पाय धुतले, भिंतीला टेकून खाली बसली. दोन डबे जेवून आली होती, असं तिनेच सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मदत केली होती.

"कसं झालं?" मी विचारलं.

"अंगठ्याला शाई लागलीय. टेबल पंख्याखाली नाही, पण उजेड आहे. साहेब कडक नाहीत, अण्णा उगीच घाबरवत होते." मग ती एकदम पुढे झुकली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, ते मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "अरे, तुझे बाबा ऑफिसात गायचे."

"काय?"

"जेवणाच्या सुट्टीत. रोज. शिपायापासून सगळे सांगत होते. वरच्या मजल्यावरून लोक ऐकायला यायचे म्हणे."

"बाबा? गायचे?"

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही नव्हतं," आई म्हणाली. तिने कप उचलला, फुंकर घातली आणि जरा विचार केला. "काय गायचे, ते विचारायचं राहिलं. उद्या विचारते."